चौथ्या दिवसाची नोंद

भात कापायला यायच्या आधी आठ-दहा दिवस खाचरांना एक वास सुटतो. तो शब्दांत धरायचा मी बरीच वर्षं प्रयत्न केला. शिजत्या भाताचा तो वास नव्हे. एकदा मी लिहिलं होतं, ओल्या मातीवर वाळलेलं गवत पसरावं आणि त्यावर कुणाच्या तरी हातून थोडं दूध सांडावं, तसा. वाचणाऱ्या एका बाईंनी खाली शेरा टाकला, "अहो, दूध नासेल की." तेव्हापासून त्या वासाच्या वाटेला गेलो नाही.

यंदा तो मला खालापूरला, आमच्या कंपनीच्या फाटकाशी आला. कंपनीच्या आत हिरवळ आहे, शोभेची झाडं आहेत, ती मी सांभाळतो. रस्त्यापलीकडे अजून दोन खाचरं उरली आहेत, त्यांच्यावरून वारा आला. मनात म्हटलं, पोशीरला आता माझे जुने घरमालक नाना विळ्यांना धार लावत असतील. रजेचा अर्ज द्यायला हवा. दुपारी डबा खाताना, मागच्या वर्षी कधी कापणी लागली होती ते बघावं म्हणून मोबाईलवर माझी नोंदवही उघडली. बोट जरा वर-खाली झालं आणि भलतीच नोंद उघडली. आईच्या आजारपणाची. "आई दोन दिवस जेवली नाही," हे माझं वाक्य. त्याच्या खाली पोट कमी करायच्या चूर्णाची जाहिरात. तिच्याखाली माझं पुढचं वाक्य.

त्या आजारातून आई उठली, आज ती ठणठणीत आहे, तिकडे परभणीला लोकांच्या रानात कापूस वेचायला जाते. पण ते चूर्ण बघून मी डबा झाकून टाकला. त्याच वेळी ठरवलं, या नोंदवहीतून निघायचं.

नोंदवही म्हणतो, पण ती कागदाची नाही. इंटरनेटवरची एक जागा. कुणीही तिथं आपलं रोजचं काही लिहावं, कुणीही वाचावं, खाली शेरा टाकावा. मी नेरळजवळच्या कळंबला एका बंगल्यावर माळी म्हणून लागलो तेव्हा साहेबांनी त्यांचा जुना मोबाईल मला दिला होता, बागेचे फोटो पाठवायला. त्यात ही जागा सापडली. बंगल्याच्या आवारात रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर यायची. दुपारी झाडांना पाणी घालून झालं की मी टाकीच्या शिडीवर बसून एका बोटानं लिहायचो. मी नववीतून शाळा सोडली. कारण विचारलं तर लोकांना वेगवेगळं सांगत आलो. खरं एवढंच, की गणितात राहिलो आणि मागून आलेल्या पोरांबरोबर त्याच बाकावर बसायची लाज वाटली. त्या टाकीवर कुणी गुण देत नव्हतं. आईचा फोन यायचा, "काय करायलास रं?" मी म्हणायचो, "काही नाही, बसलोय." लिहायलोय म्हटलं असतं तर तिनं लगेच सुनावलं असतं, "शाळंत लिहायचं तवा लिहिलं नाहीस ते!"

तेरा वर्षं मी तिथं लिहिलं. कधी रोज, कधी महिना महिना नाही. कुठल्या जास्वंदीला कीड लागली, कुठल्या पाहुण्यांनी तळ्यात बाटल्या टाकल्या, आई काय म्हणाली. वाचणारे थोडे होते, पण होते. मला ज्यांनी कधी पाहिलं नाही अशी माणसं माझ्या जास्वंदीची चौकशी करायची. त्यांचे उपकार मी मानतो.

तर निघायचं. पण निघायचं म्हणजे सगळं उचलून निघायचं. त्या जागेचा नियम असा, की आपण खातं बंद केलं की सगळ्या नोंदी कायमच्या पुसल्या जातात. आधी उतरवून घ्यायची सोय होती. उतरवून घेतलं तर एक लांबच लांब फाईल आली, त्यात नोंदी आणि त्यांच्याखालचे लोकांचे शेरेसुद्धा. आता माझा स्वभाव असा, की कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघतो, आणि दहा पावलं गेल्यावर परत येऊन तिसऱ्यांदा ओढतो. त्यामुळे मी आठ दिवस डबा खाताना फाईल आणि साइट यांतल्या ओळी ताडून बघत होतो. सगळं आलं होतं. तरीही मोबाईलवर माझा भरवसा नाही. एक मी विहिरीत घालवला आहे. दुसरा भाताच्या झोडणीत हरवला होता, तो चार महिन्यांनी पेंढ्यात सापडला, म्हशीपुढे पेंढा टाकताना. म्हटलं, कागदावर छापून घ्यावं.

छापायचं तर मंदा वहिनींकडेच. मंदा वहिनी म्हणजे नानांची सून. नेरळ स्टेशनच्या बाहेर त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म पण भरून देतात. आणि नाना म्हणजे ज्यांच्या घरामागची खोली मला भाड्यानं मिळाली ते पोशीरचे शेतकरी. त्या खोलीत मी सात वर्षं राहिलो. आता खालापूरला राहतो, पण दर कापणीला चार-पाच दिवस रजा टाकून पोशीरला जातो. कंपनीत सगळे विचारतात, "गावाला चालला का?" मी हो म्हणतो. गाव कुठलं ते कुणी विचारत नाही.

वहिनींनी फाईल उघडली, पानं मोजली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"एवढं लिवलंस? नि घरात असलास की तोंडातून शब्द फुटायचा नाय तुझ्या!"

"वहिनी, वाचू नका हां सगळं."

"वाचल्याबिगर छापू कशी? समास कोन बघनार, तुझा साहेब?"

"तसं नाही, पण..."

"जा तू. रविवारी ने. नानांला सांगते, परभणीनं पोथी लिवलीय म्हनून."

परभणी हे माझं पोशीरमधलं नाव. खरं नाव तिथं थोड्यांनाच ठाऊक आहे.

दोन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. "दुकानात येऊन जा. फोनवर नाय सांगत." एवढं बोलून ठेवला. मी अर्धी रजा घेतली. खोपोलीवरून गाडी पळसदरीच्या धरणाजवळून जाते, एरवी मी खिडकीतून पाणी किती आहे ते बघतो. त्या दिवशी धरण कधी मागे पडलं कळलं नाही. फाईल उडाली असणार. यंत्र जळलं असणार. नाहीतर नाना.

नाना बरे होते. फाईलही बरी होती. पानांचा गठ्ठा बांधून तयार होता. फक्त एक पान बाजूला, स्टेपलरखाली उपडं घालून ठेवलेलं.

"हे छापलं चुकून," वहिनी म्हणाल्या. "म्हंजे छापलं, नि मग वाचलं. तुझं तू ठरव, ठेवायचं का नाय. नाना मागं लागलेत, सगळं वाचून दाखव म्हनतात. आपलं घर हाय ना त्यात."

त्यांचा आवाज रोजचाच होता, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मी पान उलटलं.

"आज चौथा दिवस. कापून कापून कंबर गेली, हाताला विळा लागला तो वेगळाच. चार दिवसांत एकाही माणसानं हातावर काही ठेवलं नाही. दुपारी भाकरी वाढतात, संध्याकाळी म्हणतात उद्या ये. म्हातारा गोड बोलून फुकट राबवून घेतो. परक्या गावात गरिबाला कोण विचारतो?"

त्याच्याखाली शेऱ्यांची रांग. "अशा लोकांपासून सावध राहा." "खेड्यातली माणसं साधी असतात हे झूठ आहे." "म्हाताऱ्याला धडा शिकवा." माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली नोंद ती. त्या दिवसांत मला तिचा अभिमान वाटला होता.

ती माझी पहिली कापणी. बंगल्यावर लागून दोन महिने झाले होते. मी ज्वारीच्या मुलखातला, भात फक्त लग्नात पाहिलेला. इथं सकाळी दव सुकायच्या आत बायका खाचरात उतरलेल्या असायच्या. कापलेलं भात तिथंच आडवं पसरायचं, दोन उन्हं खाऊ द्यायची, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचं. बंगल्यावर माझं काम दुपारचं, सकाळ मोकळी. नाना पहिल्या दिवशी खोलीच्या दाराशी आले, एक विळा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "चल रं." विचारलं नाही, सांगितलं नाही. मी गेलो. कापायला मला जमत नव्हतं. ज्वारीसारखा मी एकेक धांडा पकडायचो, शेजारची म्हातारी हसून हसून बांधावर बसली. "आरं, मूठ धर मूठ! काय केसं विंचरतोस त्याची?" पहिले दोन दिवस नानांच्या खाचरात, पुढचे दोन दुसऱ्यांच्या. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. नानांचं काम केलं ते ठीक, त्यांच्या खोलीत राहतो. दुसऱ्याच्या रानात हे मला का जुंपतात?

आमच्या परभणीकडेही सावड होती. आज सगळ्यांनी मिळून तुझं करायचं, उद्या माझं. पण ती शेतवाल्यांची. ज्याला शेत नाही तो मजूर, आणि मजुराला संध्याकाळी मजुरी मिळते. माझे वडील जन्मभर मजूर होते. शेत नसलेल्याला कुणी सावडीत घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मला कुणी त्यात घेईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात आलं ते मी टाकीवर बसून लिहिलं.

त्याच आठवड्यात अवेळी पाऊस आला. एक दुपार धो धो कोसळला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, बंगल्यावर गेलो तर मागचा दगडी बांध सुटलेला, माती-दगड सगळं हिरवळीवर येऊन बसलेलं. शनिवारी साहेब पाहुणे घेऊन येणार होते. मी एकटा, एक घमेलं. आता नोकरी गेली, आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात. कुदळ मागायला पोशीरला धावत आलो.

"कुदळ कशाला?" नानांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी कुदळ काढून दिली. तासाभरानं मी एकटाच दगड ओढत होतो तर फाटकाशी टेंपो थांबला. त्यातून नाना, मंदा वहिनी आणि आणखी सहा जण उतरले. ज्यांच्या खाचरात मी दोन दिवस कापत होतो ते पण होते. दोन दिवसांत बांध पुन्हा रचला. शुक्रवारी संध्याकाळी मी घाबरत घाबरत खिशात हात घातला, तर नाना ओरडले, "हात काढ खिशातनं! तुझं दिस हायत आमच्याकडं."

मला कळलं नाही. वहिनींनी समजावलं, "आरं, तू सावडीत हायस ना आमच्या."

"पण वहिनी, मला शेत कुठंय?"

"शेत नसंल. पडलेला बांध तर हाय!"

सगळे हसले. मी टाकीच्या मागे जाऊन तोंड धुतलं. परत आलो तोवर ते टेंपोत बसलेले होते. त्या दिवसावर मी लांबलचक नोंद लिहिली. ती फारशी कुणी वाचली नाही. आधीची पुसायला हवी होती. तेव्हा पुसायचं कसं ते येत नव्हतं. येऊ लागलं तोवर ती खूप खाली गेली होती आणि मला तिची आठवण राहिली नाही. किंवा मी ठेवली नाही. हे दुसरं जास्त खरं आहे.

त्या पहिल्या हंगामातल्या बऱ्याच गोष्टी लिहायच्या राहूनही माझ्यापाशी आहेत. बोटांना चिकटलेली भाताची बारीक टोचरी कूस, जी आंघोळ केली तरी मानेला खाजत राहते. झोडणीचा आवाज, एका लयीत चालू असताना मधेच कुणीतरी चुकतं आणि सगळे त्याला शिव्या देतात. खोलीला येणारा भाताचा वास, पुढे किती दिवस कपड्यांनाही येत होता. शेतकऱ्याच्या घराला वास यायचाच, असं मी धरून चाललो होतो. आणि त्या आठवड्यात मी नानांच्या ओटीवर झोपायचो. उकाड्यानं असेल.

गठ्ठा आणि पान घेऊन मी खालापूरला परत आलो आणि तीन दिवस ते पान डब्याच्या पिशवीत ठेवून हिंडलो. काढून टाकणं सोपं होतं. छापलेल्या गठ्ठ्यातलं एक पान, कुणाला कळणार? वहिनी बोलल्या नसत्या. नाना ऐंशीचे आहेत. तेरा वर्षं त्यांनी मला घरचा धरला, माझी आई आजारी होती तेव्हा मला गाडीत बसवायला कर्जतपर्यंत आले. या वयात त्यांना हे ऐकवायचं? एका बाजूनं हे. दुसऱ्या बाजूनं ते शेरे. माझ्या एका लिहिण्यावरून कुठल्या कुठल्या माणसांनी नानांना नावं ठेवली होती, आणि नानांना त्याचा पत्ताच नव्हता. तेरा वर्षं ते तसंच सगळ्यांसमोर पडून होतं. मी गुपचूप पान फाडलं तर नानांना उत्तर द्यायची संधीच मिळणार नाही. शेवटी पान गठ्ठ्यात लावलं. मग काढलं. मग लावलं.

कापणीच्या आदल्या दिवशी पोशीरला पोचलो. दहा वाजले होते. नाना ओटीवर भिंतीला टेकून, पुढ्यात विळे. अंगणात शेजारची काकू तांदूळ पाखडत होती. वहिनींनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं होतं, त्या दारात उभ्या राहिल्या.

"वाच," नाना म्हणाले. "ह्या कानात. मोठ्यानं. डावा गेलाय."

मी आधी बागेची दोन पानं वाचली. "जास्वंद नको," नाना म्हणाले. "आपलं घर वाच." मग ते पान आलं. मी हळू वाचू लागलो.

"काय? ऐकू नाय येत. मोठ्यानं."

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून वाचलं, "म्हातारा गोड बोलून फुकट राबवून घेतो." काकूचं सूप थांबलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं वाचता आलं नसतं. शेरेही सगळे वाचले.

नाना विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत होते.

"ही कोन मानसं?"

"माहीत नाही, नाना. कुठली तरी."

"एवढा कळवळा हाय तर बोलव त्यांनला उद्या कापनीला. हल्ली मानसंच भेटत नायत."

वहिनी फिस्सकन हसल्या. नाना हसले नाहीत. "आनि म्हातारा? तेरा वर्षांमागं मी म्हातारा व्हतो काय रं?"

"चुकलं माझं, नाना. मला तेव्हा कळलं नव्हतं..."

"चुकलंच. किती दिस लिवलंयस?"

"चार."

"पाच."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा कानाशी गेलो. "चौथा दिवस लिहिलंय, नाना. चार."

"ऐकलं रं, ओरडतोस कशाला! पाच दिस हायत तुझं. पाचव्या दिशी भीमाशंकराकडनं ढग चढलं. भात सगळं खाचरात आडवं. नि तू कळंबवरनं पळत आलास, पायात चप्पल नाय. कुनी बोलवलं नव्हतं. भारं वायलंस. पडवीत जागा पुरंना, तवा तूच म्हनलास, माज्या खोलीत टाका. छताला लागंस्तवर भरली तुजी खोली. नि तू आठ दिस हितं, ह्या ओटीवर निजलास. तुज्या खोलीतलं ते भात तेवढं कोरडं ऱ्हायलं, बियान्याला तेच ठेवलं आमी. आनि लिवतोस चार!"

मी ओटीकडे बघितलं. जिथं मी झोपायचो ती जागा आता फरशीची आहे. उकाड्यानं नव्हतं तर. आणि खोलीचा तो वास. दुसऱ्या दिवशी पडलेला बांध बघून मी इतका घाबरलो, की त्या भीतीनं आदली दुपार साफ खाऊन टाकली होती. लिहिलं नव्हतं, म्हणून गेली होती. मी जे लिहून ठेवलं ते खोटं निघालं आणि जे खरं होतं ते घडलं त्या दिवशी माझे हात भाऱ्यांत होते.

"चप्पल खरंच नव्हती?" मी विचारलं.

"एक व्हती," काकू अंगणातून म्हणाली. "दुसरी माज्या खाचरात घावली, आवनीच्या टायमाला, रोपं लावताना."

पान मी काढलं नाही. त्याच्या पाठीवर, कोऱ्या बाजूला, वहिनींच्या पेननं लिहिलं: पाचवा दिवस. नाना सांगत गेले, मी लिहीत गेलो. मधे मधे ते "काय लिवलंस, वाच," म्हणायचे आणि दुरुस्त करायचे. माझ्या लिहिण्यात इतक्या वर्षांनी कुणीतरी चुका काढत होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बांधावर भाकरी खाल्ल्यावर, मी मोबाईल काढला आणि खातं बंद करायचं बटण दाबलं. बोटांना कूस चिकटलेली, पडदा बोट ओळखेना. पायजम्याला हात पुसून पुन्हा दाबलं. नक्की का, असं त्यानं विचारलं. हो. परत विचारलं. माझ्यासारखाच तो, कुलूप दोनदा ओढून बघणारा. हो. मग पान कोरं झालं. मी मोबाईल खिशात टाकला. पुन्हा उघडून बघितलं नाही.

"परभणी!" खालून हाक आली. "निजलास काय?"

यंदा मी चार दिवस कापणीला गेलो. ते कुठं लिहिलेले नाहीत. नानांकडे आहेत.